घट्ट पाणी

माझ्या सासूबाईंना दवाखान्यात पाणी बंद केलं, जेवण नाही. लोकांना हे पटतच नाही. आजारी माणसाला आधी पाणी, मग पेज, मग मऊ भात, हा सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलेला क्रम. आमच्याकडे तो उलटा झाला. भात कुस्करून चालेल, अर्धापूरचं पिकलेलं केळं चालेल, आसट पिठलं चालेल. पण साध्या पाण्याचा एक घोट चालणार नाही.

मी त्यांना आत्याबाई म्हणते. आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. रेणापूरच्या शेतात सोयाबीनची काढणी चालू असताना त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं तुटक झालं. लातूरच्या दवाखान्यात जीव वाचला, पण नाकातून पोटात नळी घालावी लागली. ती त्यांनी डाव्या हाताने उपसून फेकून दिली. पुन्हा घातली, पुन्हा उपसली. मग नर्सने तो हात पलंगाला बांधून ठेवला, आणि तेव्हा आत्याबाई रडल्या. सासरे गेले तेव्हाही या बाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. बांधलेल्या हाताकडे बघत रडणाऱ्या आत्याबाई मला बघवेनात. मी तिथल्या तिथे भांडायला उभी राहिले.

भांडून काही होणार नव्हतं, पण एक झालं. गिळायला शिकवणाऱ्या एक बाई तिथे येत, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. गिळणं हीसुद्धा शिकवायची गोष्ट असते हे मला तिथेच कळलं. त्यांनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं. आपण गिळतो तेव्हा श्वासाच्या नळीवर झाकण पडतं. आत्याबाईंचं ते झाकण आता उशिरा पडतं. पाणी फार पळतं, झाकण पडायच्या आत ते फुफ्फुसात उतरतं आणि तिथे सडतं. तेच पाणी घट्ट केलं तर सावकाश येतं, घशाला वेळ मिळतो. तसं जमणार असेल तर नळी काढून बघता येईल.

"चमच्यातून काकवीसारखं ओघळलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "धार लागली तर देऊ नका. पाणी, चहा, दूध, ताक, औषध, सगळं असंच. महिन्याभराने दाखवायला आणा. तोवर छाती भरली किंवा वजन उतरलं, तर नळी परत घालावी लागेल. आणि या वेळी नाकातून नाही, पोटाला भोक पाडून."

आत्याबाईंनी हे सगळं ऐकलं. बोलणं गेलं होतं, कान तिखट होते. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

"नळी... न्हाई."

"न्हाई घालू देणार," मी म्हटलं. हे मी कुठल्या जोरावर म्हटलं ते मलाही माहीत नव्हतं.

आम्ही त्यांना नांदेडला आमच्या घरी आणलं. नवरा रेल्वेच्या कार्यालयात नोकरीला. माझं गल्लीच्या तोंडाशी शिलाईचं दुकान आहे, ब्लाउज, फॉल-पिको, सुती साड्यांना खळ देणं असलं सगळं. शटर ओढलं, कुलूप घातलं आणि स्वयंपाकघरात शिरले.

दवाखान्यातून पाणी घट्ट करायच्या पावडरीचा डबा मिळाला होता. आत्याबाईंनी पहिला चमचा तोंडात घेतला आणि ओठांच्या कोपऱ्यातून तसाच बाहेर सोडला. दुसऱ्याचं तेच. गळ्याशी लावलेला टॉवेल भिजला आणि पोटात काही गेलं नाही. दिवसभर असं चाललं तर वजन उतरणारच. मी त्या बाईंना फोन लावला आणि विचारलं, घरातलं पीठ चालेल का. त्या म्हणाल्या, चालेल, पण पूर्ण शिजलेलं, गाठ नको, कण नको. आणि ईसबगोल बिलकुल नको, ते घशात फुगतं.

दुसऱ्या दिवशी मी घरातले सगळे डबे ओट्यावर काढले. काचेचे ग्लास मांडले, प्रत्येकात पाणी घेतलं आणि एकेका डब्यातलं चमचा चमचा टाकत गेले. नवरा कामावर निघता निघता आत डोकावला, बघत उभा राहिला.

"काय करून राहिलीस हे? मीठ कशाला टाकलंस? मिठानं पाणी घट्ट होतंय का?"

"होत न्हाई ते बघून राहिले."

त्याला वाटलं मी चिडले. मी चिडले होतेच, पण खोटं बोलले नव्हते. इतकी वर्षं मी या पावडरी पाण्यात टाकत आले, पण ग्लासासमोर बसून कधी बघितलं नव्हतं. मीठ टाकलं की गुपचूप जातं, चमचा फिरवला न फिरवला तोच पाणी पुन्हा स्वच्छ. साखर हट्टी, थंड पाण्यात तळाशी बसून राहते, ढवळलं की तिच्या अंगातून तेलासारख्या रेघा निघतात आणि मग तीही जाते. खायचा सोडा थोडा कुरकुरतो आणि जातो. ही जाणारी मंडळी आमच्या उपयोगाची नव्हती. पाण्यात कितीही मीठ जिरवलं तरी पाणी पाणीच राहतं, चमच्यातून पळतंच.

उरले ते न जाणारे. हळद आधी वर तरंगली, मग खाली बसली, आणि वर पिवळं पाणी ठेवून मोकळी झाली. लाल तिखटाचंही तसंच. बेसनाने गोळे केले. फोडून बघितलं तर गोळ्याच्या आत पीठ कोरडं, डब्यात होतं तसं. ज्वारीचं पीठ बरं मिसळलं पण थोड्या वेळाने खाली थर. कॉर्नफ्लॉवर तर लबाडच. टाकलं की दुधासारखं झालं, मी खूश झाले, आणि फोन घेऊन परत येते तो खाली सिमेंटसारखं बसलेलं, चमचाही हलेना.

विरघळतं ते घट्ट करत नाही आणि घट्ट करू शकतं ते विरघळत नाही, इथे गाडी अडली. मग एकेक ग्लास पातेल्यात ओतून गॅसवर ठेवायला लागले. ज्वारीचं आंबिलासारखं झालं. आत्याबाईंना वासानेच ओळख पटली, त्यांनी आपण होऊन तोंड उघडलं. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला कार्यालयात फोन करून सांगितलं. पण दोन चमच्यांनंतर ठसका लागला. ज्वारीचा कोंडा कितीही गाळला तरी थोडा राहतोच, आणि तो घशाला टोचत होता. ज्वारी बाद झाली याचं मला जेवढं वाईट वाटलं तेवढं त्यांनाही वाटलं असावं, कारण पातेलं उचललं तेव्हा त्यांची नजर त्याच्या मागे गेली. मैदा शिजला तो भिंतीवर पत्रकं चिकटवतात तसला. शिंगाड्याचं पीठ काळपट झालं. कस्टर्ड पावडर मी केवळ हट्टाने घातली, तीही चहात, आणि आत्याबाईंनी जो चेहरा केला तो मी जन्मात विसरणार नाही. वारं गेलेली अर्धी बाजूसुद्धा वाकडी झाली.

शेवटी कॉर्नफ्लॉवरनेच माझं काम केलं, पण ते माझ्या दुकानाच्या अकलेने. सुती साडीला खळ देताना आम्ही पीठ कधी गरम पाण्यात टाकत नाही. टाकलं की बाहेरचं शिजतं, आतलं कोरडं राहतं, आणि साडीवर पांढरे ठिपके उठतात. आधी थंड पाण्यात कालवायचं, हात न थांबवता उकळत्या पाण्यात ओतायचं, आणि पांढरं पाणी काचेसारखं दिसू लागेपर्यंत ढवळायचं. तसं केलं आणि चमचा उचलून तिरका धरला. काकवीसारखं ओघळलं, सावकाश, एका पट्टीने. त्यात चिमूटभर साखर घातली, आणि तेव्हा साखरेचं ते गुपचूप जिरून जाणं मला पहिल्यांदा गोड वाटलं; तिने घट्टपणात ढवळाढवळ केली नाही.

आत्याबाईंनी अख्खी वाटी संपवली. हनुवटी छातीकडे, एक चमचा, गिळायचं, पुन्हा कोरडं गिळायचं, मग दुसरा चमचा. ठसका नाही. मी ओट्याला टेकून उभी राहिले.

तिथून पुढे मी पहाटे उठून मोठं पातेलंभर घट्ट पाणी शिजवून ठेवायला लागले, आणि घट्ट चहा वेगळा. दिवसभर त्यातूनच द्यायचं. सकाळ बरी गेली. मग दुपारचा ठसका सुरू झाला.

सकाळी ठीक. अकरा वाजेपर्यंत ठीक. दुपारी तेच पातेलं, तेच पाणी, आणि आत्याबाईंना असा ठसका की डोळे बाहेर यायचे. मी चमचा तिरका धरून बघितला तर धार! सकाळी काकवी होती, दुपारी पाणी. गॅसवर ठेवून पुन्हा आटवलं तरी फार फरक पडेना. मी किराणावाल्याकडे जाऊन त्याला धारेवर धरलं, कॉर्नफ्लॉवरमध्ये काय भेसळ करतो म्हणून. त्याने निमूट दुसऱ्या गोणीतलं दिलं. तेही दुपारी पातळ. नळाचं पाणी सोडून फिल्टरचं घेतलं, स्टीलचं पातेलं सोडून पितळेचं कल्हईचं घेतलं. पातळ ते पातळच.

एका दुपारी त्यांच्या छातीत घरघर ऐकू आली. अंगही कोमट लागलं. मी हात लावून बघितला, पुन्हा बघितला, थर्मामीटर लावलं. फारसं काही नव्हतं, पण माझ्या डोळ्यांसमोर पोटातली नळी आली. दाखवायला न्यायची तारीख जवळ येत होती. संध्याकाळी नवरा आला तसं मी त्याला दारातच धरलं.

"तुम्ही पाणी घालून राहिलात पातेल्यात. आईची दया येते म्हणून. खरं सांगा."

तो बूट काढता काढता थांबला. "मी?"

"दुपारी जेवायला येता तेव्हा तुम्हीच भरवता. त्या पाणी पाणी करतात, तुम्हाला बघवत न्हाई."

"बघवत न्हाईच," तो म्हणाला. "पण मी घातलं न्हाई. आईची शपथ." आणि आतल्या खोलीत जाऊन आईजवळ बसला. रात्री जेवलाही नाही नीट. शपथेवर मला विश्वास बसला, पण मग पाणी पातळ कोण करून राहिलं होतं?

ते कळलं, ते एका दिवशी आत्याबाई सकाळी नुसत्या चहावर राहून दुपारी गाढ झोपल्या म्हणून. सकाळचं पातेलं झाकलेलं होतं, त्याला कोणी हातच लावला नव्हता. चारच्या सुमाराला त्या उठल्या, मी झाकण काढलं आणि चमचा तिरका धरला. काकवी. सकाळपेक्षा जास्तच घट्ट. मी तशीच उभी राहिले. उन्हाने नाही, वेळेने नाही, पातेल्याने नाही. भरवायला सुरुवात झाली की पातळ होतं, नाही भरवलं तर होत नाही.

मग मी स्वतःच्या हाताकडे बघितलं. मी चमचा पातेल्यात बुडवला, ओठांना लावून गरम तर नाही ना, गोड आहे ना ते बघितलं, आणि तोच चमचा परत पातेल्यात घातला. रोजच्यासारखं. नवराही तसंच करायचा. आत्याबाईंच्या तोंडातून निघालेला चमचाही आम्ही सरळ पातेल्यात बुडवायचो. त्यांचंच पाणी, त्यांचाच चमचा, त्यात काय एवढं.

दोन वाट्या घेतल्या. दोन्हींत घट्ट पाणी काढलं. एकीत चाटलेला चमचा फिरवला, दुसरीत धुतलेला. भांडी घासून झाली तोवर पहिल्या वाटीचं पाणी झालं होतं. अक्षरशः पाणी. दुसरी वाटी जशीच्या तशी. मी पुन्हा करून बघितलं, माझा विश्वास बसेना म्हणून नाही, तर मला ते पुन्हा बघायचं होतं म्हणून.

लातूरच्या बाईंना फोन केला. "लाळ," त्या म्हणाल्या. "भात चावत राहिलं की गोड लागतो ना? लाळ पिठाला फोडते. आपल्या पोटाची पहिली तयारी ती. मी सांगितलं होतं, चमचा परत घालू नका, छोट्या वाटीत काढून घ्या."

सांगितलं होतं खरं. मला वाटलं ते स्वच्छतेसाठी, आणि आपल्या घरातल्या माणसाचं काय घाण, म्हणून सोडून दिलं.

इथे मला आत्याबाईंबद्दल सांगायला हवं. माझं लग्न झालं त्या पहिल्याच आठवड्यात रेणापूरच्या घरात मी आमटी चाखली आणि पळी परत आमटीत घातली. त्यांनी ते आमटीचं पातेलं उचलून सरळ गोठ्यातल्या घमेल्यात ओतलं. पाहुण्यांसमोर. "उष्टं माणसाच्या ताटात जात न्हाई," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून या उष्ट्याखरकट्यावरून आमच्यात जे युद्ध पेटलं ते विझलंच नव्हतं. माझ्या घरात, नांदेडला, मी मुद्दाम चाखून चमचा परत घालायची. माझं घर, माझी आमटी. त्या राहायला आल्या की ओट्याकडे बघून नाक मुरडायच्या आणि मला बरं वाटायचं.

आजारी पडल्यावरही भरवताना त्या कित्येकदा माझा हात झिडकारायच्या. चमच्याकडे डोळे वटारायच्या. मी म्हणायची, जीव जायची वेळ आली तरी खोड जात नाही. नवराही हसायचा.

त्या संध्याकाळी मी पलंगाजवळ बसले आणि त्यांना दोन्ही वाट्या दाखवल्या. ही पातळ, ही घट्ट. हिच्यात उष्टा चमचा घातला, हिच्यात नाही. त्यांनी एका वाटीकडे बघितलं, मग दुसरीकडे, मग माझ्याकडे. डाव्या बाजूचं अर्धं तोंड हसलं. लकवा झालेल्या माणसालाही इतकं टोचून हसता येतं हे मला माहीत नव्हतं.

"लाळेमुळं होतं ते आत्याबाई," मी म्हटलं. "पापपुण्याचा काही संबंध न्हाई."

त्यांनी मान हलवली. त्यांना जे पटायचं ते पटलं होतं, आणि मला जे. मला त्यांचा नियम पटला नाही, अजूनही पटलेला नाही. माझ्या आमटीत मी आजही चमचा परत घालते. पण त्यांच्या पातेल्याला पुन्हा कोणाचा ओठ लागला नाही. छोटी वाटी, धुतलेला चमचा, वाटीत उरेल ते मोरीत. रेणापूरहून त्यांची बहीण बघायला आली, तिने मायेने चमचा उचलला तेव्हा मी तिचा हात मध्येच धरला. ती रागावली. रागावू दे.

छातीतली घरघर गेली. दुपारचा ठसका थांबला. घट्ट चहा, घट्ट ताक, घट्ट लिंबूपाणी. लिंबाने ते जरा सैल होतं हेही मी शिकले आणि पीठ वाढवलं. झोपेतही माझा हात ढवळत असावा.

लातूरला जायच्या दिवशी थर्मास, वाट्या, चमचे, सगळं पिशवीत घेतलं. गाडीत आत्याबाई माझ्या खांद्याला टेकून बसल्या होत्या आणि पूर्ण रस्ता डोळे मिटले नाहीत. दवाखान्यात वजन केलं. उतरलं नव्हतं, उलट थोडं भरलं होतं. छातीचा फोटो स्वच्छ. मोठे डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत म्हणाले, "नळीची गरज नाही." इतक्या सहज म्हणाले की मला वाटलं त्यांना पुन्हा म्हणायला लावावं. नवऱ्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मग गिळायला शिकवणाऱ्या बाईंनी एक चमचा साधं पाणी घेतलं. नुसतं पाणी. आत्याबाईंनी ते चमच्यात बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. त्यांनी हनुवटी खाली घेतली, गिळलं. काही झालं नाही. मला वाटलं झालं, जिंकलो. आणि मग ठसका आला, खोल, लांबलेला, आवाज ओला झाला.

"अजून नाही," बाई हळू म्हणाल्या. मी विचारलं, मग कधी. त्यांनी लपवलं नाही. "काहींचं परत येतं. यांचं वय बघता बहुतेक असंच राहील. पण घट्ट पाण्यावर त्या नीट राहू शकतात. तुम्ही ते दाखवून दिलंय."

मला कौतुक नको होतं. मला तो चमचा फेकून द्यावासा वाटला. एवढं सगळं केलं, एवढे ग्लास मांडले, आणि या बाईला रेणापूरच्या स्वतःच्या विहिरीचं पाणी पुन्हा प्यायला मिळणार नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं. आत्याबाई मात्र ठसका थांबल्यावर तोंड पुसून सरळ बसल्या. त्या बाईंकडे बोट केलं, मग स्वतःच्या डाव्या हाताकडे. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला आणि आम्ही सगळे थांबलो.

"मंग... मला शिकिव. माज्या... हातानं."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, पाणी करून द्यायला मी हाय की." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

घरी आल्यावर ओट्याजवळ खुर्ची ठेवली, बुटकं स्टूल ठेवलं, गॅस नको म्हणून विजेची शेगडी आणली. डाव्या हाताने डबा उघडेना. उघडला तर पीठ सांडलं. वाटी धरायला दुसरा हात नाही, ढवळलं की वाटी फिरायची. मी खाली ओलं फडकं ठेवलं तेव्हा कुठे ती बसली. पहिल्या दिवशी गाठीच गाठी. मी गाळणी पुढे केली तर त्यांनी ती सरकवून दिली आणि सगळं मोरीत ओतून पुन्हा पीठ घेतलं. दुसऱ्या दिवशी करपलं. तिसऱ्या दिवशी मी दाराशी उभी राहून ओठ चावत होते, कारण त्यांनी उकळत्या पाण्यात ओतताना हात थांबवला होता आणि मला माहीत होतं काय होणार. झालंच. त्यांनी वळून म्हटलं, "जा तिकडं." मी गेले. किती चिडले म्हणून सांगू. शिकवलं मी, आणि मलाच हाकलून देतात.

ज्या दिवशी त्यांनी चमचा तिरका धरून मला दाखवला, काकवीसारखं सावकाश ओघळणारं, एकही गाठ नसलेलं, त्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "दुकान... उघड."

"उघडीन. काय घाई हाय?"

"उद्या."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला वाटलं, झालं, माझं काम संपलं. इतके दिवस मी त्यांच्या घोटाघोटाला उभी होते, आणि आता त्यांना मी नको होते. दुसऱ्या दिवशी शटर वर केलं, मशीनवरची धूळ पुसली, एक ब्लाउज उसवायला घेतला, आणि सगळं लक्ष घरात. दुपारी राहवेना म्हणून कुलूप न घालता, शेजारच्याला सांगून घरी आले.

आत्याबाई खुर्चीत बसून स्वतःची वाटी स्वतः पीत होत्या. ओट्यावर पीठ सांडलं होतं, शेगडी बंद होती. ठसका नव्हता.

"काहून आलीस?"

"तहान लागली," मी म्हटलं आणि आत गेले. त्यांना पाणी बंद झाल्यापासून घरात त्यांच्यासमोर कोणी साधं पाणी पीत नव्हतं. नवरा मोरीत जाऊन प्यायचा, मी भांडी घासता घासता, पाहुण्यांना आम्ही बाहेरच्या खोलीत द्यायचो. कोणी ठरवलं नव्हतं. मी माठातून पेला भरला आणि सवयीने दाराला पाठ करून तोंडाला लावला.

"तिकडं... लपून काय पितीस?" त्यांचा आवाज आला. "हितं ये. म्होरं बस."

मी पेला घेऊन बाहेर आले आणि त्यांच्या समोर जमिनीवर बसले. पाणी गार होतं, पेल्याच्या कडेवर थेंब जमले होते. त्यांनी ते थेंब बघितले, मग माझा चेहरा.

"पी."

मी प्यायले. घोट घोट, सगळा पेला, त्यांच्या नजरेसमोर. माझा गळा हलताना त्या बघत होत्या आणि त्यांचाही गळा हलला. पेला खाली ठेवला तेव्हा त्यांनी आपला चमचा वाटीत बुडवला आणि तोंडाकडे नेला.

"जा आता," त्या म्हणाल्या. "दुकान उघडं हाय."